आळंदी-देहू वनडे ट्रिप, फेसासकट

शुक्रवारी दुपारचे चार वाजले की आमच्या हापिसात काम सोडून बाकी सगळं सुरू होतं. त्यातलाच एक उद्योग म्हणजे वीकांताचे बेत. दर दोन-तीन महिन्यांनी, नवी बॅच आली की तो एक मेसेज हमखास फिरतो. 'पिंपरी-चिंचवडजवळची वनडे ट्रिप'. सकाळी सातला निघा. आळंदीत माऊलींचं दर्शन, मग चांगदेवाला भेटायला निघालेली ती भिंत, तिथून देहू, गाथा मंदिर, भंडारा डोंगर, हायवेला मिसळ नाहीतर थाळी, वेळ उरला तर चाकणचा किल्ला किंवा तुळापूर, येताना शिरगावची प्रतिशिर्डी. संध्याकाळी सातला घरी. गाडी कुठे लावायची, रांग कधी कमी असते, पेढे कुठले घ्यायचे, सगळं तपशीलवार दिलेलं असतं.

मंडळी, मला या यादीचा राग येतो. देवाचा नाही, मिसळीचा तर नाहीच नाही. राग येतो तो अशासाठी की ज्या एका गोष्टीमुळे ही सगळी ठिकाणं तिथं आहेत, ती गोष्ट यादीत नसते. आळंदी, देहू, दाभाड्यांची गढी असलेलं इंदोरी, तुळापूर, ही सगळी एकाच पाण्याच्या काठची गावं आहेत. लोणावळ्याजवळच्या कुरवंड्याला उगम पावून तुळापूरला भीमेत जाऊन मिळणारी इंद्रायणी. शंभर-एक किलोमीटरची नदी, फार मोठी नाहीच. पण तिच्या काठी १२९६ साली ज्ञानेश्वरांनी समाधी घेतली, तिच्या डोहात तुकोबांच्या वह्या बुडवल्या गेल्या, आणि ती भीमेला मिळते तिथं, तुळापुरात, ११ मार्च १६८९ ला संभाजी महाराजांना मारलं गेलं. एवढा इतिहास दुसरीकडे कुठे असता तर त्या नदीवर तिकीट लावलं असतं. आपण काय करतो? घाटाच्या पायऱ्यांवर चपला काढायला थांबतो, नाकाला रुमाल लावतो आणि दर्शनाच्या रांगेकडे वळतो.

(आज वह्या बुडवल्या तर काय होईल, हा विनोद मी करणार नाहीये. तो देहूतल्या रिक्षावाल्यांनीसुद्धा करून सोडून दिलाय.)

आळंदीला हिवाळ्यात किंवा उन्हाळ्याच्या तोंडाला गेलात तर बंधाऱ्याखाली पांढरा फेस दिसतो. अधूनमधून नाही, गेली काही वर्षं जवळजवळ ठरल्यासारखा. जानेवारी २०२३ मध्ये दिसला, २०२४ मध्ये दिसला, नंतरही दिसत राहिला. दर वेळी वर्तमानपत्रांत फोटो येतात, फेसात उभं राहून अंघोळ करणाऱ्या आजीबाईंचे. दर वेळी कोणीतरी पुढारी म्हणतो, कारवाई करू. दर वेळी कोणीतरी त्या फेसासमोर उभं राहून सेल्फी काढतं. असो.

फेस म्हणजे काय ते एकदा नीट समजून घेऊ, कारण त्यातच सगळी गोम आहे. साबणाच्या आणि डिटर्जंटच्या रेणूचं एक टोक पाण्याला धरतं आणि दुसरं पाण्यापासून पळतं. म्हणून तो पाण्याच्या वरच्या थरात येऊन बसतो आणि पाण्याचा ताण कमी करतो. असं पाणी संथ वाहत असलं तर काही कळत नाही, नेहमीसारखंच दिसतं. ते बंधाऱ्यावरून खाली आदळलं की हवा आत शिरते आणि बुडबुडे धरून राहतात. म्हणजे आळंदीचा फेस आळंदीत तयार होतो, पण त्याचा माल वरून आलेला असतो. बंधारा फक्त तो उघडा पाडतो. आमच्या धंद्यात याला लॉग म्हणतात. चूक दुसरीकडे झालेली असते, ती इथं छापून येते. आणि आपण गेली कित्येक वर्षं लॉगवर चिडतोय.

फेसाबरोबर आणखी एक प्रकार येतो, जलपर्णी. उन्हाळ्याच्या आधी नदीवर हिरवा गालिचा पसरतो आणि लहान मुलांना वाटतं की मैदान आहे. सांडपाण्यातलं नत्र आणि फॉस्फेट म्हणजे तिचं खत. महापालिका दरवर्षी ती काढायचं टेंडर काढते, ती दरवर्षी उगवते. खत चालू ठेवून गवत उपटायचं, असला हा कार्यक्रम आहे.

आता जबाबदार कोण? इथं मला आमच्या कॅंटीनमध्ये हमखास ऐकू येणारी दोन उत्तरं घ्यायचीत, कारण दोन्ही फार सोयीची आहेत.

पहिलं उत्तर, 'अरे, हे वारकरीच घाण करतात.' लाखो लोक येतात, नदीत उतरतात, काठावर बसतात, कपडे टाकून जातात, मग काय होणार? हे वाक्य बोलणारा माणूस बहुतेक वेळा उच्चशिक्षित असतो आणि त्याला एस्टिमेट करता येतं. म्हणून आपण एस्टिमेटच करू. आमच्याकडे कामाचा हिशोब मॅन-डेमध्ये करतात. चला, सांडपाण्याचाही करू. समजा कार्तिकीला पाच लाख माणसं आली आणि चार-चार दिवस राहिली. झाले २० लाख मॅन-डे. आता मोशी, चिखली, चऱ्होली या पट्ट्यातली ४०० फ्लॅटची एक सोसायटी घ्या. फ्लॅटमागे चार माणसं धरली तर १६०० माणसं. वर्षाचे ३६५ दिवस. झाले ५ लाख ८४ हजार मॅन-डे. म्हणजे साडेतीन सोसायट्या बरोबर अख्खी कार्तिकी यात्रा. आणि वारकरी चार दिवसांत वॉशिंग मशीन लावत नाही, डिशवॉशर लावत नाही, शॉवरखाली पंधरा मिनिटं गाणी म्हणत नाही.

गणित कच्चं आहे, मान्य. सगळ्याच सोसायट्यांचं पाणी तसंच्या तसं नदीत जात नाही, आणि यात्रेत एकाच वेळी एकाच जागी ताण येतो हेही खरं. पण अंदाज म्हणून पुरे आहे. मोशीच्या कुठल्याही चौकात उभं राहून एकदा गोल फिरा आणि चारशे फ्लॅटचे किती संकुल दिसतात ते मोजा. आळंदी हे २०११ च्या जनगणनेत तीस हजारांच्या आतलं गाव. तिच्या वर बसलेलं पिंपरी-चिंचवड त्याच जनगणनेत सव्वासतरा लाखांचं, आणि तेव्हापासून कुठल्या कुठे गेलेलं. या शहराचं पाणी पवना, मुळा आणि इंद्रायणी अशा तीन नद्यांत वाटलं जातं हे खरं, पण इंद्रायणीच्या वाट्याला येतो तो उत्तरेकडचा, आत्ता सगळ्यात वेगाने वाढणारा भाग. आणि दोष कोणाला? धोतर-टोपी घालून दोन दिवस आलेल्याला!

दुसरं उत्तर, 'सगळं कंपन्यांचं केमिकल आहे रे.' याच्यात दम आहे, हे आधी कबूल करतो. नदीच्या दक्षिणेला तळवडे, चिखली, कुदळवाडी. उत्तरेला निघोजे, कुरुळी, चिंबळी, आणि त्यांच्या मागे चाकणची सगळी एमआयडीसी. मोठ्या कारखान्यांची नावं सगळ्यांना माहीत असतात. त्यांना सुटे भाग पुरवणारे, प्लेटिंग करणारे, ड्रम धुणारे, भंगार वितळवणारे छोटे उद्योग मात्र गल्लीबोळांत असतात, आणि तिथून काय वाहतं हे पावसाळी नाल्यात डोकावल्याशिवाय कळत नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेने कुदळवाडी-चिखलीतली भंगाराची गोदामं आणि शेड हजारोंच्या संख्येनं पाडली. बरोबर की चूक हा वेगळा विषय आहे, त्यात हातावर पोट असलेले लोकही भरडले गेले. पण त्यानंतर इंद्रायणी निवळली का? नाही ना? मग बाकीचं कुठून येतंय?

याच संदर्भात एक जुनी गोष्ट नव्या मंडळींना माहीत नसते, म्हणून जरा थांबून सांगतो. २००८ साली चाकणजवळ शिंदे-वासुली इथं डाऊ केमिकलचं संशोधन केंद्र उभं राहत होतं. शेजारीच भामचंद्र डोंगर, तुकोबांच्या चिंतनाची जागा. डाऊ म्हणजे २००१ साली युनियन कार्बाइड विकत घेणारी कंपनी, म्हणजे भोपाळची आठवण आलीच. गावकरी म्हणाले, इंद्रायणीत विष येईल. त्यांच्यासोबत वारकरी उतरले. कीर्तनं करणारी माणसं रस्त्यावर बसली, रस्ते अडवले गेले, जुलैत जाळपोळही झाली. जाळपोळीचं समर्थन मी करत नाही. पण शेवटी २०१० मध्ये कंपनीने तिथून काढता पाय घेतला. तिथं फक्त संशोधन होणार होतं, कारखाना नव्हताच, असं कंपनीचं म्हणणं होतं.

मला या गोष्टीत दोन गोष्टी दिसतात. एक, वारकऱ्याला नदीची पर्वा नाही असं म्हणणाऱ्याने तोंड बंद ठेवावं. उभ्या पट्ट्यात नदीसाठी एवढ्या मोठ्या संख्येनं रस्त्यावर उतरलेला तोच एक. आम्ही आयटीवाले तेव्हा हिंजवडीच्या ट्रॅफिकवर ईमेल लिहीत होतो. आणि दुसरी गोष्ट जास्त टोचणारी आहे. डाऊला नाव होतं, गेट होतं, पाटी होती. मोर्चा कुठे न्यायचा ते कळत होतं. चारशे फ्लॅटच्या संडासांना गेट नसतं. त्यांच्याविरुद्ध घोषणा काय देणार? म्हणून जी लढाई जिंकता आली ती एका न झालेल्या केंद्राविरुद्धची, आणि जी रोज हरतोय ती आपल्याच मोरीविरुद्धची.

मोरीकडे येऊ. बांधकामाचं क्षेत्रफळ २० हजार चौरस मीटरच्या वर असलं की २००६ च्या केंद्राच्या अधिसूचनेप्रमाणे पर्यावरण मंजुरी लागते, आणि त्या मंजुरीत सांडपाणी शुद्धीकरणाचा प्रकल्प, म्हणजे एसटीपी, बांधणं आणि चालवणं आलं. बिल्डर बांधतो. ब्रोशरमध्ये त्याचं चित्रही असतं, हिरवं पान काढलेलं. मग सोसायटी ताब्यात येते आणि पहिल्या सहा महिन्यांतच कळतं की हे यंत्र वीज खातं. एसटीपीचं काम जिवाणू करतात. घाण खाणारे जिवाणू, त्यांना सतत हवा लागते, हवेसाठी ब्लोअर रात्रंदिवस चालवावा लागतो. ब्लोअर रात्री बंद ठेवला तर बिल कमी येतं. दोन-चार दिवस बंद ठेवला तर जिवाणू मरतात आणि टाकीला वास सुटतो. वास सुटला की तळमजल्यावरचे लोक ओरडतात, मग सेक्रेटरी सांगतो की 'हे मशीनच बेकार आहे, बंद करा'. आणि बायपासचा व्हॉल्व्ह फिरतो. कोणालाही काही कळत नाही. फ्लश दाबला की पाणी जातंच.

आमच्याच सोसायटीत मी दोन वर्षं हा विषय काढतोय. सोसायटीचं नाव लिहीत नाही, उगाच व्हॉट्सॅप ग्रुपवर महाभारत नको. पहिल्या सभेत मी विचारलं की ब्लोअरचा वेगळा मीटर आहे, त्याचं महिन्याचं रीडिंग सभासदांना दाखवा. आमचे एक काका, फार सज्जन माणूस, दर एकादशीला आळंदीला पायी जातात, ते म्हणाले, "अहो, तुम्ही कॉम्प्युटरवाले, तुम्हाला आकडे लागतात. मेन्टेनन्स वाढला तर लोक मला धरतात." मी म्हटलं, "काका, एकादशीला तुम्ही ज्या पाण्याचं तीर्थ घेता ना, ते इथून जातंय." काका हसले. म्हणाले, "तीर्थ मी बाटलीतलं घेतो आता." सभा पुढच्या विषयावर गेली. पुढचा विषय होता क्लब हाऊसचा झुंबर.

काकांची भक्ती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. उन्हातान्हात मोशीहून चालत जाणं काही नाटक म्हणून कोणी करत नाही. पण भक्ती एका खात्यात आणि मैलापाणी दुसऱ्या खात्यात, आणि दोन्ही खात्यांचा एकमेकांशी संबंध नाही, अशी जी आपली सगळ्यांची व्यवस्था झालीय, तिच्यावर माझा आक्षेप आहे. नास्तिकांचीही हीच व्यवस्था आहे, फक्त पहिलं खातं रिकामं.

बरं, सरकार काय करतंय? भरपूर करतंय. इंद्रायणीच्या बाबतीत कोणीच काही करत नाही असं नाहीये, उलट फार जण करतात. लोणावळा नगरपरिषद, तळेगाव नगरपरिषद, देहू नगरपंचायत, देहूरोड कॅंटोन्मेंट, पिंपरी-चिंचवड महापालिका, पलीकडच्या काठच्या ग्रामपंचायती, पीएमआरडीए, एमआयडीसी, आळंदी नगरपरिषद, पाटबंधारे खातं आणि या सगळ्यांवर डोळा ठेवायला प्रदूषण नियंत्रण मंडळ. मोशीजवळ तर नदी म्हणजेच हद्द आहे. या काठाला महापालिका, त्या काठाला गावं आणि एमआयडीसी. ज्याने सॉफ्टवेअर लिहिलंय त्याला हे चित्र ओळखीचं वाटेल. दोन मॉड्यूलच्या सीमेवरचा बग. प्रत्येक टीम आपलं मॉड्यूल तपासून सांगते, 'आमच्याकडे तर चालतंय'. १९७४ पासून पाणी प्रदूषणाचा कायदा आहे, कायद्याची उणीव नाही. केंद्रीय मंडळाच्या २०२२ च्या अहवालात देशातले ३११ नदीपट्टे प्रदूषित होते आणि त्यातले ५५ एकट्या महाराष्ट्रात, सगळ्या राज्यांत जास्त. पहिला नंबर सोडायचा नाही, हे मात्र आपण मनावर घेतलंय :)

अंघोळीच्या पाण्याचे निकषही ठरलेले आहेत. जैविक ऑक्सिजनची मागणी, म्हणजे बीओडी, लिटरला ३ मिलिग्रॅमच्या आत. विरघळलेला ऑक्सिजन ५ च्या वर. घाटावर अंघोळ होते, म्हणजे हा निकष तिथं लागू व्हायला हवा. मग तो आकडा घाटावर का नाही? मंदिराबाहेर दर्शनाला किती वेळ लागेल ते पाटीवर लिहिता येतं, रेल्वे स्टेशनवर गाडी किती उशिरा आहे ते लिहिता येतं, आमच्या हापिसात सर्व्हर किती टक्के तापलाय ते भिंतीवर दिसतं. इंद्रायणी घाटावर एक पाटी, आजचा बीओडी, आजचा ऑक्सिजन, कालचा, परवाचा. आजीबाईंना बीओडी कळणार नाही म्हणता? लाल आणि हिरवा दिवा कळेल की. पण तो दिवा लावला तर मोठ्या एकादशीला तो लाल दिसेल, टीव्हीवर दिसेल, आणि तेवढंच कोणाला नकोय.

त्याऐवजी आपल्याला काय हवंय, तर नदीचा देखावा. पिंपरी-चिंचवडने तिन्ही नद्यांसाठी सुधारणेचे प्रकल्प आखलेत. त्यांच्या चित्रांत नदी निळी असते, काठाला फरशी असते आणि सायकलवर एक गोरी बाई असते. मैलापाणी आधी थांबवा आणि मग काय फरशी बसवायची ती बसवा, एवढंच माझं म्हणणं. उलट केलं तर फरशीवर बसून वास घ्यावा लागेल. चिखलीत 'नदीकाठचा बंगला' म्हणून लोकांनी घरं घेतली, ती निळ्या पूररेषेच्या आत निघाली. हरित लवादाने पाडायला सांगितलं, सर्वोच्च न्यायालयाने ते कायम ठेवलं, आणि मे २०२५ मध्ये ३६ बंगले जमीनदोस्त झाले. घेणारे कोण होते? तुमच्या-माझ्यासारखेच, आयुष्याची कमाई घातलेले. नदीचा देखावा विकत घेतला, नदी किती जागा घेते ते कोणीच सांगितलं नाही. विकणाऱ्याने नाही आणि बंगले उभे राहताना बघत बसलेल्यांनीही नाही.

त्यानंतर महिन्याच्या आत कुंडमळा झालं. १५ जून २०२५, रविवार. इंदोरीजवळ इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल, पावसाचं पाणी बघायला आलेली गर्दी, पुलावर दुचाक्या, आणि पूल कोसळला. चार माणसं गेली, पन्नासच्या वर जखमी झाली. पूल धोकादायक आहे हे ठाऊक होतं, नवा मंजूरही होता, काम सुरू झालं नव्हतं. नंतर सगळा रोख पर्यटकांवर. 'सेल्फीसाठी मेले.' मला हे फार क्रूर वाटतं. आठवडाभर कारखान्यात किंवा स्क्रीनसमोर घालवलेल्या माणसाला रविवारी वाहतं पाणी बघावंसं वाटलं, यात गैर काय? या सगळ्या पट्ट्यात वाहतं, स्वच्छ, बघण्यासारखं पाणी उरलंय किती ठिकाणी? गावोगावी नदी नदीसारखी राहिली असती तर सगळी गर्दी एकाच पुलावर गेली नसती.

आणि आता ज्या गोष्टीमुळे हा लेख टंकायला बसलो ती. आळंदीकर पितात ते पाणी कुठलं? इंद्रायणीचं? छे. भामा नदीवरच्या भामा आसखेड धरणातून पाईपने येतं. नदीच्या काठी वसलेलं, नदीसाठी वसलेलं गाव, दुसऱ्या नदीचं पाणी पितंय. गावाने तरी काय करावं? पण याचा अर्थ असा की इंद्रायणीवरचा आपला शेवटचा हिशोबही संपला. जे पाणी कोणी पीत नाही त्याच्यासाठी भांडायला कोण येणार?

पीत नाही म्हणजे आळंदी पीत नाही. ती नदी तुळापूरला भीमेत जाते, भीमा पुढे उजनीत, आणि उजनीच्या खाली पंढरपूर. तिथं भीमेचं नाव चंद्रभागा. उजनीचं पाणी सोलापूर शहर पितं. म्हणजे माऊलींची पालखी ज्येष्ठात आळंदीहून निघते आणि आषाढात पंढरपूरला पोचते, तशी आपली मोरीही पोचते. ती वर्षाचे बाराही महिने वारी करते, मुक्काम न करता. वारकरी चंद्रभागेत डुबकी मारतो तेव्हा त्याच्या ओंजळीत आमच्या मोशीचा थोडा अंश असतो. सोलापूरचा कोणी सहकारी तुमच्या टीममध्ये असेल तर त्याला सोमवारी हे सांगून बघा. मी सांगितलं. तो म्हणाला, "आम्हाला आधीपासून माहिती आहे, तुम्हालाच आत्ता कळतंय."

तर जायचंच असेल वनडे ट्रिपला, तर जरूर जा, पण नदीच्या क्रमाने जा. मी गेल्या हिवाळ्यात गेलो होतो. सकाळी कुरवंडे, नागफणीच्या पायथ्याशी, जिथं इंद्रायणी म्हणजे एक ओहोळ असतो. तिथं पाणी ओंजळीत घेतलं तर तळहाताच्या रेषा दिसतात. मग कामशेत. मग इंदोरीची गढी, बाहेरून का होईना. देहूला घाटावर दहा मिनिटं नुसतं बसा. तिथल्या डोहातले महाशीर मासे देवाचे म्हणून कोणी धरत नाही, लोक चुरमुरे टाकतात. मासे मरून वर आल्याच्या बातम्या गेल्या काही वर्षांत येऊन गेल्यात, तरी आहेत अजून. देवाच्या नावाने माणसं मासा राखू शकतात, एवढं तरी तिथं दिसतं. मग तळवडे-चिखली रस्त्याने खाली या आणि मोशीला नाशिक हायवेच्या पुलावरून बघा. थांबायला जागा नाही, गाडी अलीकडे लावून चालत जा, ट्रक जपून. देहूपासून इथवर पाण्याचा रंग कुठे बदलतो ते तुमचं तुम्हालाच कळेल, मी सांगत नाही. चाकणला जाऊन संग्रामदुर्ग बघायचा तर इथूनच उत्तरेला वळायचं. १६६० मध्ये फिरंगोजी नरसाळ्यांनी शाहिस्तेखानाला तिथं दीड महिन्याहून जास्त झुलवलं. आता किल्ल्याचे अवशेष शोधावे लागतात, घरं पार तटाला भिडलीत.

आळंदी मग दुपारनंतर. समाधी, अजानवृक्ष, सोन्याचा पिंपळ, भिंत, सगळं बघा. सिद्धबेटालाही जा, तिकडे गर्दी कमी असते. वाळीत टाकलेल्या विठ्ठलपंतांचं बिऱ्हाड गावाबाहेर तिथं होतं असं सांगतात, गावाला नको असलेली माणसं नदीकाठी. आणि शेवटी बंधाऱ्यापाशी. तिथं उभं राहून आपल्या सोसायटीतला ब्लोअर चालू आहे का, एवढा एक फोन सेक्रेटरीला करा. नेटवर्क चांगलं येतं.

आमची वार्षिक सभा पुढच्या रविवारी सकाळी अकराला आहे. विषय क्रमांक सातमध्ये एसटीपीच्या मीटरचं रीडिंग घेतलंय, या वेळी लेखी. काकांनी सही केलीय, फक्त म्हणाले, झुंबराच्या आधी नको.

ता. क. : कार्तिक वद्य एकादशीच्या आसपास जाणार असाल तर गाडी मोशीतच ठेवा आणि चालत जा. वाटेत चहा कोणी पैसे घेऊन देत नाही.